चामड्याची खुर्ची घरात आणावी का?



गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरात एका खुर्चीवरून जे काही घडलं, ते लिहावं की नको यात माझे बरेच दिवस गेले. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असं वाटत होतं. पण नंतर मंदिरात दोघीतिघींशी बोलले, तर प्रत्येकीच्या घरात हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येऊन गेलेला. कुणाकडे सोफा, कुणाकडे गाडीचे सीट कव्हर, कुणाकडे जावयाने आणलेली पर्स. म्हणून लिहायचं ठरवलं.

आमच्या ह्यांचं दोन वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्यांना पाटावर, गादीवर, जमिनीवर बसता येत नाही. बँकेतली छत्तीस वर्षांची नोकरी खुर्चीत गेली आणि निवृत्तीनंतर नेमकी खुर्चीच मिळेना, असं ते हसून म्हणतात. घरात आहे त्या सोफ्यावर अर्धा तास झाला की उठून फेऱ्या मारतात. मुलगा पुण्याला असतो. त्याने नवा फ्लॅट घेतला, आणि बाबांच्या सत्तरीला त्यांच्यासाठी एक आणि तिथल्या हॉलसाठी एक अशा दोन आरामखुर्च्या घ्यायचं त्याने आणि सूनबाईंनी ठरवलं. आम्हाला दुकानात घेऊन गेले.

खुर्ची देखणी होती, खोटं कशाला बोलू? वाकवलेल्या प्लायवुडची पाठ, तिच्यात काळ्या चामड्याच्या गुबगुबीत गाद्या, पुढे पाय ठेवायला तसंच छोटं स्टूल. सूनबाई आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करतात, त्यांनी माहिती दिली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकेतल्या नवरा-बायकोने 1956 मध्ये ही खुर्ची बाजारात आणली. मूळ खुर्ची हर्मन मिलर कंपनीची, ती काही लाखांत जाते. आमच्या समोर होती ती त्या धर्तीची, नगाला सत्तर हजार, जोडीला एक लाख चाळीस हजार.

हे तिच्यात बसले. पाय वर घेतले, डोळे मिटले. मी बघत होते. ऑपरेशननंतर त्यांच्या कपाळावर एक आठी कायमची बसली आहे, ती मला पुसल्यासारखी वाटली. पाच मिनिटं ते काही बोलले नाहीत.

मी विक्रेत्याला विचारलं, "हे चामडं आहे का?" तो म्हणाला, "नाही मॅडम, पीयू आहे, चामडं नाहीच." सूनबाईंनी खाली लटकणारं कार्ड वाचून दाखवलं. त्यावर लिहिलं होतं 'लेदर मॅच'. म्हणजे जिथे अंग टेकतं तिथे खरं चामडं आणि बाजूला, मागे तशाच रंगाचं कृत्रिम. मी म्हटलं, "नको." तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. मुलगा काही बोलला नाही. हे उठले. येताना गाडीत एवढंच म्हणाले, "खुर्ची छान होती."

मैत्रिणींनो, ते तीन शब्द मला रात्रभर झोपू देईनात. व्रत माझं आणि कंबर त्यांची, असं तर झालं नाही ना?

म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून विचार करायला बसले. 'आपल्यात चालत नाही' हे वाक्य सोपं आहे, पण ते सुनेच्या पिढीला पुरत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरलं नाही. सूनबाईंनी मला घरी आल्यावर तीन प्रश्न विचारले होते, उद्धटपणे नव्हे, शांतपणे. मला वाटतं, ते आपल्या सगळ्यांच्याच घरात विचारले जात असतील.

पहिला प्रश्न : "आई, जनावर मांसासाठी मारतात. चामडं तर उरलेलं असतं. आपण नाही घेतलं तर ते फेकूनच देतील ना?"

मी 1981 ची बी.कॉम. आहे. पदवी चौकटीत घालून भिंतीवर लावली आणि आयुष्यभर पोळ्या लाटल्या, पण कॉस्टिंगचा पेपर मी अजून विसरलेले नाही. त्यात उपोत्पादनाचा हिशोब शिकवतात. मुख्य मालाबरोबर जो दुय्यम माल निघतो, त्याच्या विक्रीचे पैसे मुख्य मालाच्या खर्चातून वजा करायचे. साखर कारखान्याला मळी विकून पैसे मिळतात, तेवढा साखरेचा खर्च हलका होतो. आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगायला नको. कत्तलखान्याचंही तेच. चामड्याला गिऱ्हाईक मिळालं की मांसाचा खर्च तेवढा कमी होतो, धंदा तेवढा परवडतो. म्हणजे चामडं 'उरलेलं' नाही, ते जमेच्या बाजूला मांडलेलं आहे. आणि त्या जमेतला एक आकडा माझ्या पर्समधून गेलेला असतो.

आपल्या शास्त्रात हेच फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. हातात जपमाळ घेतो तेव्हा 108 हा आकडा कुठून आला हे आठवावं. समरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, झाले 108. पाप येण्याच्या 108 वाटा. त्यात स्वतः करणं, करवून घेणं आणि केलेल्याला संमती देणं या तिन्ही वाटा एका ओळीत उभ्या आहेत. सुरी मी धरली नाही, हे खरं. पण बिल माझ्या नावावर फाटलं, ती अनुमोदनाच झाली.

आता कुणी म्हणेल, गृहस्थाला पूर्ण अहिंसा जमत नाही, म्हणून तर अणुव्रत आहे. अगदी बरोबर. चूल पेटवली, अंगण झाडलं, विहिरीचं पाणी उपसलं की आरंभी हिंसा झालीच. शेती-व्यापारात उद्योगी हिंसा आहे, स्वतःचं रक्षण करताना विरोधी हिंसा आहे. या तीन गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाहीत. चौथी संकल्पी हिंसा तेवढी त्याने सोडायचीच आहे. खुर्ची यातल्या कुठल्या खान्यात बसते? चूल पेटवल्याशिवाय घर चालत नाही. चामड्याच्या खुर्चीशिवाय चालतं. जिथे दुसरा मार्ग समोर आहे आणि तरी आपण हाच निवडतो, तिथे 'गृहस्थाला जमत नाही' ही सवलत मला लागू होत नाही, असं मला वाटतं. लाकूडही जीवच आहे, मान्य. पण एकेंद्रिय आणि पंचेंद्रिय यांतला फरक आपल्याला लहानपणीच शिकवला आहे.

दुसरा प्रश्न जास्त टोकदार होता. "मग आपल्या पूर्वजांनी चामडं वापरलंच नाही का?"

वापरलं. हे आपण लपवू नये. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. आजोबा शेतकरी. विहिरीवर मोट चालायची आणि मोट चामड्याची होती. नाडा, बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे, आसूड, सगळ्यात कातडं होतं. पायात कोल्हापुरी चपला होत्या, त्याही चामड्याच्याच. त्या मोटेच्या पाण्यावर आमचा ऊस उभा राहिला आणि त्या उसावर माझं शिक्षण झालं. मी कोणत्या तोंडाने म्हणू की आमच्या घराण्याला चामड्याचा स्पर्श नाही?

पण मला आणखीही काही आठवतं. मोट गोठ्याच्या आढ्याला टांगलेली असायची, ती कधी घराच्या उंबऱ्याच्या आत आली नाही. इंजिन-पंप आला त्या वर्षी आजोबांनी सगळ्यात आधी मोट उतरवली, दुसरी घेतली नाही. दुसरा मार्ग नव्हता तोवर ती होती, मार्ग मिळाला तशी ती गेली. मला यातच आपल्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. आजोबांची गरज होती म्हणून मोट होती. मी मात्र गरज संपल्यावर चामडं हौसेने आणायला निघाले होते, तेही थेट बैठकीच्या खोलीत.

याच प्रश्नाला जोडून मेलेल्या जनावराच्या कातड्याचा मुद्दा येतो. गांधीजींनी तो फार मनावर घेतला होता. आपोआप मेलेल्या जनावराचंच कातडं वापरावं असा त्यांचा आग्रह होता, आणि वर्ध्याजवळ नालवाडीला त्यासाठी चर्मालयही चालवलं गेलं. सूनबाई म्हणाल्या, "मुनींच्या पिंछीला मोरपिसं चालतात ना?" चालतात, कारण ती मोराने स्वतः गाळलेली असतात, त्याला त्यात इजा होत नाही. तसं चामडं मिळालं तर प्रश्न वेगळा ठरेल, हे मी मान्य करते. पण फर्निचरच्या दुकानात जनावर कसं गेलं हे सांगणारं कुणी नसतं. ज्याला गादीत काय आहे हेच नीट सांगता आलं नाही, तो गोठ्यातली गोष्ट काय सांगणार?

शिवाय चामडं म्हणजे नुसतं कातडं नव्हे. ते कुजू नये म्हणून मीठ, चुना, आणि बहुतेक ठिकाणी क्रोमियमचे क्षार वापरून कमावतात. ते पाणी शेवटी नदीत जातं. कानपूरच्या जाजमऊचे चर्मोद्योग गंगेच्या काठावर आहेत. तामिळनाडूत वेल्लोर-राणीपेट भागातल्या टॅनरींमुळे विहिरी आणि शेतं खराब झाली, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1996 मध्ये त्यावर मोठा निकाल झाला. आपण पाणी गाळून पितो. मग दुसऱ्याच्या विहिरीत काय गेलं, हाही आपलाच विषय नको का?

तिसरा प्रश्न विचारताना सूनबाई जरा थांबल्या होत्या. "आई, रागावू नका. तुमच्या कपाटात सात शालू आणि दोन पैठण्या आहेत. आणि सकाळचं दूध?"

रागावले नाही, पण उत्तरही देता आलं नाही. एका रेशमी साडीमागे हजारो कोश उकळत्या पाण्यात जातात, हे मला कळत नाही असं नाही. दुधाच्या धंद्यात भाकड गाई-म्हशींचं आणि नर वासरांचं काय होतं, हेही आपल्याला ठाऊक आहे, फक्त आपण त्यावर बोलत नाही. मिठाईवरचा वर्ख बघा. चांदीचा पत्रा जनावराच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पानांत ठेवून कुटत असत, आणि आपण तो सणासुदीला ताटात घेत होतो. 2016 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वर्खासाठी प्राणिजन्य वस्तू वापरायला बंदी केली. आपण आपणहून आधी का नाही थांबलो?

तेव्हा माझी वही कोरी नाही. माझ्या वहीत बरीच उधारी आहे. पण एक उधारी फिटली नाही म्हणून दुसरी करावी, असं कुठला व्यापारी म्हणतो? दुधाचं उत्तर मिळेपर्यंत चामड्याचा सोफा आणू या, हे मला पटत नाही. एवढं मात्र केलं, की शालू हा विषय आता दुसऱ्याला उपदेश करताना आठवतो. नवीन रेशीम घ्यायचं नाही, असं मी गेल्या दशलक्षण पर्वात ठरवलं. आहेत ते आहेत. ते टाकून देण्यात धर्म नाही.

आता व्यवहाराकडे येते, कारण नुसतं 'नको' म्हणून घर चालत नाही. चामडं नको म्हणून आपण सगळ्या जणी रेक्झिनकडे वळतो. आम्हीही वळलो होतो. अठ्ठावीस हजारांची रिक्लायनर, चार पावसाळ्यांत तिच्या पापुद्र्या निघायला लागल्या. सांगलीची दमट हवा पीयूला मानवत नाही. ह्यांच्या सदऱ्याला काळे कपटे चिकटायचे. शेवटी भंगारवाल्यानेही ती फुकट नेली. हिशोब केला तर वर्षाला सात हजार पडले. सत्तर हजारांची चामड्याची खुर्ची पंचवीस वर्षं टिकली तर वर्षाला अठ्ठावीसशे. म्हणजे नुसत्या आकड्यांत बघितलं तर चामडं जिंकतं. चामडंवाले खोटं बोलत नाहीत, ते टिकतंच. म्हणून आपणही 'चामडं महाग, रेक्झिन स्वस्त' असली लंगडी कारणं देऊ नयेत. दर चार वर्षांनी प्लास्टिकचा ढीग उकिरड्यावर टाकणं ही काही अहिंसा नव्हे.

मग तिसरा मार्ग कोणता? तो मला सूनबाईंच्याच पुस्तकात सापडला. त्यांच्याकडे खुर्च्यांचं एक जाडजूड पुस्तक आहे, ते मी दोन दुपारी चाळलं. या ज्या आधुनिक, नामांकित खुर्च्या आहेत त्या सगळ्या चामड्यासाठीच जन्मल्या असं आपल्याला वाटतं. काही तशा आहेतही. मीस फान डेर रोह आणि लिली राइश यांनी 1929 च्या बार्सिलोना प्रदर्शनासाठी, स्पेनच्या राजाराणीला बसायला म्हणून केलेली खुर्ची मुळात डुकराच्या कातड्याची होती. पण मार्सेल ब्रॉयर यांची लोखंडी नळ्यांची ती प्रसिद्ध वासिली खुर्ची, 1925-26 ची, ती मुळात कापडाची होती! पक्क्या पिळाच्या सुती कापडाचे ताणलेले पट्टे. चामड्याची आवृत्ती पुढे कितीतरी वर्षांनी रुळली, आणि आता लोकांना तीच मूळ वाटते.

आणि आपल्याच देशातली गोष्ट बघा. चंदीगड शहर वसवताना पिएर जान्नेरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी, कॉलेजांसाठी सागवानी खुर्च्या केल्या गेल्या, त्यातल्या कितीतरी वेताने विणलेल्या. साध्या, मजबूत, हवा खेळती. आपल्या लोकांनी त्या जुन्या झाल्या म्हणून अडगळीत टाकल्या, भंगारात काढल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी उचलल्या आणि लिलावात लाखांनी विकल्या. शेवटी 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर बंदी आणावी लागली. माझ्या सासऱ्यांच्या पेढीवर अशीच वेताची खुर्ची होती. ती आम्ही 1994 मध्ये काढून टाकली आणि सोफा सेट आणला. त्या वेळी केवढा आनंद झाला होता मला!

आणखी एक गंमत सांगते. ज्या ईम्स दांपत्याच्या खुर्चीवरून एवढं रामायण झालं, ते दोघं भारत सरकारच्या बोलावण्यावरून आपल्याकडे आले होते. 1958 मध्ये त्यांनी सरकारला एक अहवाल दिला, त्यातून पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी भारतातल्या सगळ्यात सुंदर वस्तूंत कशाचं नाव घेतलं असेल? लोट्याचं! आपला पाणी प्यायचा तांब्या. तो कसा डोक्यावर, कमरेवर बसतो, ओतताना तोल कसा राहतो, याचं त्यांना फार कौतुक. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात जे होतं ते त्यांना हवं होतं, आणि त्यांच्या बैठकीत जे होतं ते आम्हाला.

आता त्यांच्या मूळ खुर्चीलाही कंपनी बांबूपासून केलेल्या पर्यायी आवरणाचा पर्याय देते, असं सूनबाईंनी दाखवलं. म्हणजे मागणाऱ्यांनी मागितलं की बनवणारे बनवतात.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगते. सांगलीतले आमचे जुने सुतार, त्यांच्याकडून सागवानी चौकट करून घेतली. पाठीचा उतार किती, बैठक जमिनीपासून किती वर, ही मापं सूनबाईंनी काढून दिली, फिजिओथेरपिस्टला विचारून बैठक जरा उंच ठेवली. बैठकीला आणि पाठीला वेत, वर जाड सुती कॅनव्हासच्या खोळी, आत कापूस आणि नारळाच्या काथ्याची गादी. पहिल्या खोळीसकट बावीस हजार झाले. दर पाच वर्षांनी खोळ आणि कापूस बदलायला अडीच हजार धरले, तर पंचवीस वर्षांत चार वेळा, म्हणजे दहा हजार. एकूण बत्तीस हजार, वर्षाला बाराशे ऐंशी.

ती खुर्ची त्या दुकानातल्या खुर्चीइतकी आरामाची आहे का? नाही. ह्यांना तिच्यात दीड तास बसता येतं, नंतर उठावं लागतं. मी हे मुद्दाम लिहिते आहे. धर्माने वागलं की सगळं सुखाचं होतं, अशा गोष्टी आपण मुलांना सांगतो आणि मग ती आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत. काही तरी सोडावं लागतं. सोडल्याशिवाय त्याला त्याग कोण म्हणेल?

पण कुणाच्या वाट्याचं सोडायचं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नव्हता. खुर्ची आल्यावर एके संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, "माझ्यामुळे तुमचा आराम गेला, असं वाटतं का?" ते म्हणाले, "मला विचारलं असतंस तरी मी नाहीच म्हटलं असतं. देवळाच्या दारात पट्टा आणि पाकीट काढून ठेवायचं, आणि घरी येऊन त्याच कातड्यावर बसून स्वाध्याय करायचा, हे मलाही जमलं नसतं." थोडा वेळ थांबून पुढे म्हणाले, "पण विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं."

मैत्रिणींनो, मला चूक कळली. निर्णय बरोबर होता, रीत चुकली होती. दुकानात चारचौघांत मी 'नको' म्हटलं त्यात अहिंसा किती होती आणि 'मी किती धर्माची पक्की' हा मान कषाय किती होता, याचा हिशोब माझा मला करायचा आहे. मुलाने वडिलांसाठी प्रेमाने काही आणायचं ठरवलं होतं, ते मी एका शब्दात झटकून टाकलं. मुलाचा उतरलेला चेहरा हीसुद्धा हिंसाच. मी त्याची क्षमा मागितली, पर्युषणाची वाट बघितली नाही.

म्हणून माझं मत असं. चामड्याची खुर्ची, सोफा, गादी आपल्या घरात नवीन येऊ नये. पण हे घरात बसून, सगळ्यांनी मिळून ठरवावं, आणि दुकानात जाण्याआधी ठरवावं. सुनेच्या पर्सकडे, जावयाच्या बुटांकडे बोट दाखवू नये. सूनबाईंची ऑफिसची बॅग चामड्याची आहे. मी काही बोललेले नाही, बोलणारही नाही. घर आपलं सगळ्यांचं आहे, बॅग त्यांची आहे.

दुकानात जाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. 'जेन्युइन लेदर', 'टॉप ग्रेन', 'स्प्लिट' हे सगळं चामडंच. 'बाँडेड लेदर' म्हणजे चामड्याचा भुगा डिंकाने चिकटवलेला, तेही चामडंच. 'लेदर मॅच' किंवा 'हाफ लेदर' म्हणजे अर्धं चामडं. 'बायकास्ट' म्हणजे वर पीयूचा थर आणि खाली चामड्याचा पापुद्रा. 'लेदरेट' आणि 'रेक्झिन' कृत्रिम. गादीच्या शिवणीखालची बाजू बघायला मागा. मागे विणलेलं कापड दिसलं तर बहुधा कृत्रिम, लव असलेलं तंतुमय दिसलं तर कातडं. गादीत पिसं भरली आहेत का तेही विचारा, उंची खुर्च्यांच्या गाद्यांत पिसं असतात. आणि विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, 'प्राणिजन्य वस्तू नाही' असं बिलावर लिहून घ्या. लिहून देताना माणूस खरं बोलतो.

एक शेवटची गोष्ट. बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार मूलाचारात सांगितले आहेत, त्यात घर, शेत, धन, धान्य यांच्या जोडीला 'शयनासन', म्हणजे झोपायची-बसायची साधनं, हाही एक प्रकार आहे. परिग्रह वस्तूत नसतो, आसक्तीत असतो, असंही आपल्याला शिकवलं आहे. म्हणजे सागवानी वेताची खुर्चीही परिग्रहच, आणि 'आमची खुर्ची बघा, किती अहिंसक' म्हणून मी पाहुण्यांना दाखवत सुटले, तर चामड्याच्या खुर्चीपेक्षा फार वेगळी राहणार नाही. म्हणून मुलाने दुसऱ्या खुर्चीचं विचारलं तेव्हा आम्ही दोघं एकदमच म्हणालो, एक पुरे.

सध्या दुपारी हे तिच्यात बसतात आणि मी शेजारी पाटावर बसून भाजी निवडते. दीड तास झाला की ते उठतात, तेव्हा मी पाच मिनिटं बसून घेते.